बालगृहात मुलं आहेत, मग दत्तकासाठी रांग का?

दत्तकाची चौकशी करायला येणारी जोडपी एक प्रश्न हमखास विचारतात. एवढी बालगृहं भरलेली आहेत, आम्ही मूल न्यायला एका पायावर तयार आहोत, मग तीन-साडेतीन वर्षं थांबायचं कशासाठी? विचारणाऱ्याच्या आवाजात वैताग असतो आणि तो रास्त असतो. मूल व्हावं म्हणून दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवून झालेल्या असतात. आता सरकारी पोर्टलवर आपला क्रमांक कितीने पुढे सरकला ते बघत बसायचं.

'सरकारी दिरंगाई' हे यावरचं तयार उत्तर. दिरंगाई आहेच, पण रांगेचं मूळ कारण वेगळं आहे. ते समजून घ्यायचं तर पालकांची रांग घटकाभर बाजूला ठेवावी लागेल. मूल सरकारच्या हाती येतं कसं, आल्यावर त्याचं काय होतं, आणि त्या वाटेवर दत्तक कितव्या टप्प्यावर येतं, हे आधी पाहू.

१. बालगृहात कोण राहतं?

काही वर्षांपूर्वी केंद्र सरकारने देशभरातल्या बालसंस्थांची पाहणी करून घेतली. साडेनऊ हजारांहून अधिक संस्था भरल्या आणि त्यांत मुलं होती पावणेचार लाखांच्या आसपास. आईवडील दोघंही नसलेली किंवा टाकून दिलेली मुलं त्यात कमी होती. एक पालक हयात असलेल्या मुलांचा गट त्यांच्यापेक्षा कितीतरी मोठा निघाला.

मग ही मुलं तिथे का? कुणाचे वडील वारले आणि आई दुसऱ्याच्या घरी राहून स्वयंपाकाचं काम करते. तिथे मूल ठेवून घेत नाहीत. कुणाचे वडील तुरुंगात आहेत. कुणाची आई मनोरुग्णालयात आहे आणि वडील दारूत. कुणाच्या गावात सातवीनंतर शाळाच नाही. अशा मुलांना भेटायला माणसं येतात. ज्या मुलीची आई महिन्याच्या ठरल्या रविवारी चिवड्याची पुडी आणि डोक्याच्या तेलाची बाटली घेऊन एसटीने येते, ती मुलगी दुसऱ्या कुणाच्या नावावर कशी करणार? कायदा ते करू देत नाही, आणि करू देऊही नये.

दत्तक जाऊ शकतं ते 'कायदेशीररीत्या मुक्त' म्हणून जाहीर झालेलं मूल. बालगृहातल्या एकूण मुलांत अशी मुलं अगदी थोडी असतात. रांग लांबते ती इथे.

२. चोवीस तास आणि पाच माणसं

सध्याचा कायदा म्हणजे बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५. अठरा वर्षांखालच्या मुलांचे तो दोन गट करतो. एक, ज्यांच्या हातून कायद्याचं उल्लंघन झाल्याचा आरोप आहे अशी मुलं. दोन, काळजी आणि संरक्षणाची गरज असलेली मुलं. आपला विषय दुसऱ्या गटाचा. हरवलेलं, टाकलेलं, छळातून सोडवलेलं, भीक मागताना किंवा कामावर राबताना सापडलेलं, किंवा पालक सांभाळूच शकत नाहीत असं मूल या गटात येतं.

असं मूल कुणालाही दिसू शकतं: रेल्वे पोलिसाला, शिक्षिकेला, अंगणवाडी ताईला, शेजाऱ्याला. त्यांनी लावायचा फोन म्हणजे १०९८. हा क्रमांक १९९६ साली मुंबईत, टाटा समाजविज्ञान संस्थेच्या एका उपक्रमातून सुरू झाला आणि पुढे देशभर गेला. मूल सापडल्यापासून प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत त्याला बालकल्याण समितीपुढे हजर करावं लागतं.

या समितीविषयी लोकांना फार कमी माहिती असते. प्रत्येक जिल्ह्यात निदान एक समिती असते. एक अध्यक्ष, चार सदस्य, आणि सदस्यांत किमान एक बाई असलीच पाहिजे. मुलाच्या बाबतीत समितीला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. पण काळा कोट नसतो, पिंजरा नसतो. मूल टेबलापाशी खुर्चीवर बसतं, आणि समजदार समिती असेल तर पहिला प्रश्न 'जेवलास का?' हा असतो. मूल कुठे राहील, कुणाबरोबर जाईल, घरी परतेल की नाही, हे ही पाच माणसं ठरवतात. परिविक्षा अधिकारी किंवा समाजकार्यकर्ता मुलाच्या घरी जाऊन सामाजिक तपासणी अहवाल आणतो. साधारणपणे चार महिन्यांत चौकशी पुरी व्हावी अशी कायद्याची अपेक्षा आहे.

समितीची मुदत संपून नव्या नेमणुका रखडल्या की शेजारच्या जिल्ह्याच्या समितीकडे कार्यभार जातो. मग चार महिन्यांची चौकशी लांबत जाते. दुसरीतलं मूल तिसरीत जातं, आणि त्याचं प्रकरण त्याच पानावर राहतं. मुलाच्या वयात वर्षभराचा उशीर किती महाग पडतो, ते पुढे येईलच.

३. छळ कशाला म्हणायचं?

मारहाण, लैंगिक अत्याचार, मानसिक छळ आणि हेळसांड, असे छळाचे चार प्रकार मानतात. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये तेरा राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. दर तीन मुलांपैकी दोघांनी मार खाल्ल्याचं सांगितलं. निम्म्याहून अधिक, ५३ टक्के मुलांनी, लैंगिक छळाच्या एखाद्या तरी प्रकाराचा अनुभव सांगितला. आणि छळणाऱ्यांतली निम्मी माणसं अनोळखी नव्हती. मुलाच्या विश्वासातली, ओळखीची होती.

लैंगिक अत्याचाराबाबत २०१२ चा पॉक्सो कायदा स्पष्ट आहे. ज्याला माहिती आहे त्याने कळवलंच पाहिजे. न कळवणं हाही गुन्हा आहे. 'घरातली गोष्ट घरात मिटवू' म्हणणारा काका, 'शाळेचं नाव जाईल' म्हणणारे मुख्याध्यापक, दोघंही या कलमात येतात. गोव्याने तर त्याआधीच, २००३ साली, मुलांसाठी स्वतःचा वेगळा कायदा केला आणि बाल न्यायालय उभं केलं.

खरी कसोटी लागते ती हेळसांडीत. दोन घरं समोर ठेवून पाहू.

पहिलं घर बीड जिल्ह्यातलं. आईवडील ऊसतोडीला गेलेत, दिवाळीनंतर निघालेली टोळी गळीत हंगाम संपेपर्यंत परत येणार नाही. आठ वर्षांची मुलगी आणि पाच वर्षांचा मुलगा आजीजवळ आहेत. आजीला नीट दिसत नाही. मुलगी भाकरी करते, भावाला अंघोळ घालते, आठवड्यातून दोन-तीन दिवस शाळेत जाते. अंगावरचे कपडे मळलेले, केस गुंतलेले.

दुसरं घर शहरातलं, तीन खोल्यांचं. मुलाच्या खोलीत टेबल आहे, टेबलावर दिवा आहे. शाळेतून यायला दहा मिनिटं उशीर झाला की वडील पट्टा काढतात. रात्री जेवण नाही ही नेहमीची शिक्षा. आई दार लावून घेते. मुलाला पोहायच्या तासाला अंगातला सदरा काढायची भीती वाटते.

वरवर पाहणाऱ्याला पहिलं घर वाईट दिसेल. मुलाला तातडीने संरक्षण हवं आहे ते दुसऱ्या घरात. पहिल्या घरातल्या मुलांना आजी हवी आहे, आणि त्या आजीला मदत हवी आहे: महिन्याचा खर्च, डोळ्यांची शस्त्रक्रिया, गावात हंगामी वसतिगृह. गरिबीला हेळसांड समजून मुलं उचलून संस्थेत टाकली, तर त्या मुलांचं होतं-नव्हतं तेही आपण काढून घेतो. चांगला परिविक्षा अधिकारी गृहभेटीत म्हणूनच भिंतींपेक्षा माणसांकडे अधिक बघतो. मूल आजीला बघून जवळ सरकतं की आक्रसतं? रात्री कुणाजवळ झोपतं? ताप आला तेव्हा दवाखान्यात कुणी नेलं? पुस्तकाला कव्हर कुणी घातलं? या साध्या प्रश्नांची उत्तरं अहवालाच्या ठरावीक रकान्यांपेक्षा पुष्कळ सांगून जातात.

४. आधी घर सावरायचं

कायद्याच्या मूळ तत्त्वांत एक तत्त्व असं आहे: मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. त्याआधी घर टिकवायचा प्रयत्न झाला पाहिजे.

महाराष्ट्रात यासाठी बालसंगोपन योजना आहे. आज तिचं नाव क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. आईवडील नसलेली, एकच पालक असलेली, पालक दुर्धर आजारी किंवा तुरुंगात असलेली मुलं आई, आजी, मामा अशा कुणाजवळ राहत असतील तर त्यांच्या संगोपनासाठी महिना २,२५० रुपये मिळतात. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये अशाच प्रकारच्या प्रायोजकत्वाची रक्कम महिना ४,००० रुपये आहे.

२,२५० रुपयांत काय होतं, असं विचारणारे बहुधा ज्यांना ते लागत नाहीत असे असतात. वर्षाचे होतात २७,०००. विधवा बाईने मुलाला घरी ठेवायचं की बालगृहाच्या दारात नेऊन सोडायचं, हा निर्णय कित्येकदा एवढ्याच पैशांवर अडलेला असतो. मला या व्यवस्थेत सगळ्यांत मोलाची गोष्ट हीच वाटते, आणि रक्कम वेळेवर न मिळणं हे सगळ्यांत मोठं पाप वाटतं. सहा महिन्यांचे पैसे एकदम मिळाले की कागदोपत्री योजना राबवली जाते. पण मधल्या सहा महिन्यांत मुलगी शाळा सोडून कामाला लागलेली असते.

५. संस्थेत काय बिघडतं?

बालगृहात जेवण मिळतं, शाळा मिळते, डॉक्टर येतात. मग ते वाईट का म्हणायचं?

याचं ठोस उत्तर रुमानियातून आलं. तिथल्या चाउशेस्कूच्या राजवटीत हजारो मुलं सरकारी अनाथालयांत ठेवलेली होती. १९८९ मध्ये ती राजवट कोसळली आणि जगाने ती मुलं पाहिली. पुढे चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना या अमेरिकी संशोधकांनी राजधानी बुखारेस्टमधल्या संस्थांतली १३६ तान्ही आणि रांगती मुलं निवडली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. निम्म्या मुलांसाठी कुटुंबं शोधून, त्यांना पैसे आणि प्रशिक्षण देऊन मुलं त्यांच्या घरी ठेवली. निम्मी नेहमीच्या व्यवस्थेत राहिली. मग वर्षानुवर्षं दोन्ही गटांचा पाठपुरावा केला. कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धी, भाषा, माणसाला बिलगण्याची, विश्वास टाकण्याची ताकद सरस निघाली. आणि साधारण दोन वर्षांच्या आत घर मिळालेली मुलं त्यांतही पुढे होती.

कारण समजायला अवघड नाही. तान्हं मूल रडतं, कुणीतरी एकच माणूस पुन्हा पुन्हा येऊन उचलतं, आणि 'मी हाक मारली की कुणी येतं' हे मुलाच्या मेंदूत पक्कं होत जातं. तीन पाळ्यांत बदलणाऱ्या दाया, एकीच्या वाट्याला आठ-दहा बाळं, अशा ठिकाणी रडणं वाया जातं. थोड्या दिवसांनी मूल रडायचंच थांबतं. पाहुणे म्हणतात, किती शांत मुलं आहेत इथली! त्या शांततेची काळजी वाटायला हवी.

समितीच्या प्रत्येक महिन्याच्या विलंबाला किंमत असते ती यामुळे.

६. मधला रस्ता: प्रतिपालकत्व

आता अशी मुलगी डोळ्यांपुढे आणा. वय नऊ. वडील आईला आणि तिला मारायचे. आई गेली, वडील तुरुंगात. घरी परत पाठवता येत नाही. वडिलांचा हक्क कायद्याने अजून संपलेला नाही, म्हणून दत्तक देता येत नाही. बालगृहात ठेवायची तर अठरा पूर्ण होईपर्यंत नऊ वर्षं. हिला कुठे ठेवायचं?

हिच्यासाठी आहे प्रतिपालकत्व, इंग्रजीतून आलेल्या शब्दात फॉस्टर केअर. आपल्याकडे खेड्यातलं मूल शिक्षणासाठी मामाकडे, आत्याकडे ठेवायची जुनी रीत आहे. मूल तिथे जेवतं, तिथल्या मामीचा मार खातं, तिच्याच कुशीत शिरतं; पण आडनाव वडिलांचं राहतं आणि सुट्टीत ते घरी जातं. प्रतिपालकत्व म्हणजे हेच. फरक एवढा, की इथे मामा सख्खा नसतो. समितीने पारखून नेमलेला असतो, आणि सरकार त्याला मुलाच्या खर्चाला हातभार लावतं. मिशन वात्सल्यमध्ये ही रक्कम महिना ४,००० रुपये आहे. समितीने दर महिन्याला घराची पाहणी करायची असते. मुलाच्या भल्याचं असेल तर मूळ आईवडिलांनाही ठरावीक वेळी भेटता येतं.

दत्तकाहून हे इथे वेगळं पडतं. दत्तक गेलेल्या मुलाचं जन्मदात्यांशी असलेलं कायदेशीर नातं संपतं. नवं आडनाव, नवा वारसाहक्क मिळतो, आणि हा निर्णय कायमचा असतो. प्रतिपालकत्वात मुलाला मालमत्तेत वाटा मिळत नाही, आणि परिस्थिती सुधारली तर ते घरी परतू शकतं. म्हणूनच साधारणपणे सहा वर्षांपुढच्या, दत्तक जाण्याची शक्यता नसलेल्या मुलांसाठी हा रस्ता ठेवला आहे.

२०२४ मध्ये केंद्राने प्रतिपालकत्वाची आदर्श मार्गदर्शक तत्त्वं सुधारली. पूर्वी हे काम विवाहित जोडप्यांपुरतं होतं. आता अविवाहित, विधवा, विधुर, घटस्फोटित यांनाही अर्ज करता येतो. एकट्या पुरुषाला मात्र फक्त मुलगा सांभाळता येतो. आणि महत्त्वाचा बदल असा: सांभाळलेलं मूल पुढे कायदेशीररीत्या मुक्त झालं, तर पाच वर्षांऐवजी दोनच वर्षांनंतर तेच कुटुंब त्याला दत्तक घेऊ शकतं.

एवढं असूनही आपल्याकडे प्रतिपालक कुटुंबं अत्यल्प आहेत. कारण उघड आहे. 'मूल आपलं होणार नसेल तर जीव का लावायचा?' ही भीती खरी आहे, तिला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण जीव लावून परत पाठवायची तयारी असणारी माणसंही समाजात असतात. वारीतल्या परक्या मुलाला दोन दिवस पोटच्यासारखं सांभाळणारी घरं मी पाहिली आहेत. जिल्हा बाल संरक्षण कक्षाने त्यांच्यापर्यंत पोचायला हवं, आणि ते काम अजून सुरूही झालेलं नाही म्हटलं तरी चालेल.

७. दत्तक: वाट कशी चालते?

महाराष्ट्राला या वाटेचा जुना वारसा आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी तिथे गुपचूप बाळंत व्हावं, मूल नको असेल तर ठेवून जावं, पण जीव घेऊ नये. तिथे आलेल्या काशीबाई या विधवेच्या मुलाला, यशवंतला, फुले दांपत्याने १८७४ मध्ये दत्तक घेतलं. पुढे तो डॉक्टर झाला. पंढरपुरातही १८७५ मध्ये प्रार्थना समाजाच्या मंडळींनी असाच बालकाश्रम उभा केला.

आजच्या व्यवस्थेची सुरुवात मात्र एका पत्रापासून झाली. परदेशात दत्तक म्हणून नेलेल्या भारतीय मुलांचं काय होतं, याविषयी वकील लक्ष्मीकांत पांडे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. १९८४ मध्ये न्यायमूर्ती भगवतींनी त्यावर सविस्तर निकाल दिला, आणि त्यातून १९९० मध्ये केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण म्हणजे 'कारा' आकाराला आलं. आज देशभरातल्या पालकांची नोंदणी काराच्या एकाच पोर्टलवर होते. ओळखीच्या संस्थेत शब्द टाकून नंबर पुढे सरकत नाही, हा या पोर्टलचा मोठा गुण.

एका बाळाचा प्रवास तारखांनिशी पाहू. समजा, १ जानेवारीच्या पहाटे ग्रामीण रुग्णालयाच्या व्हरांड्यात तान्ही मुलगी सापडली. २ जानेवारीला ती समितीपुढे. तिला विशेष दत्तक संस्थेत ठेवलं जातं. तीन दिवसांच्या आत वर्तमानपत्रात तिच्या फोटोसह सूचना. पोलीस तिच्या माणसांचा शोध घेतात. दोन वर्षांखालच्या मुलासाठी ही मुदत दोन महिन्यांची, त्याहून मोठ्या मुलासाठी चार महिन्यांची. कुणी आलं नाही, तर मार्चच्या सुरुवातीला समितीचे निदान तीन सदस्य सह्या करून तिला मुक्त जाहीर करतात. मग वैद्यकीय तपासणी, बाल अध्ययन अहवाल, पोर्टलवर नोंद. रांगेतल्या पुढच्या कुटुंबाला तिची माहिती दिसते. त्यांनी ४८ तासांत तिला राखून ठेवायचं, मग प्रत्यक्ष भेटून निर्णय घ्यायचा. होकार आला की ती दत्तकपूर्व संगोपनासाठी घरी जाते, आणि जिल्हाधिकारी दत्तकाचा आदेश काढतात. २०२२ च्या सप्टेंबरपूर्वी हा आदेश न्यायालयातून यायचा. त्यानंतर दोन वर्षं दर सहा महिन्यांनी समाजकार्यकर्ती घरी येऊन जाते.

आई स्वतः समितीपुढे येऊन मूल सोपवते तेव्हाही दोन महिने थांबतात. हे दोन महिने तिचे असतात. सही केल्यानंतर मन बदललं तर तिला मूल परत नेता येतं. आणि अशा रीतीने मूल सोपवणाऱ्या आईवर गुन्हा दाखल होत नाही. ही एक गोष्ट खेड्यापाड्यांत सगळ्यांना माहीत असती, तर कचराकुंडीत सापडलेल्या अर्भकांच्या कितीतरी बातम्या आपल्याला वाचाव्या लागल्या नसत्या.

आता पालकांचं वय. दोन वर्षांखालचं मूल हवं असेल तर पतिपत्नींच्या वयांची बेरीज ८५ च्या वर नको. दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी ९०, चार ते आठसाठी १००, त्यापुढे ११०. पती ४५ चा आणि पत्नी ४२ ची असेल तर बेरीज ८७. त्यांना तान्हं मूल मिळणार नाही, दोन वर्षांपुढचं मिळेल. एकट्या स्त्रीला मुलगा किंवा मुलगी दत्तक घेता येते. एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक घेता येत नाही. या कायद्याखाली धर्माची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये शबनम हाश्मी यांच्या याचिकेवर स्पष्ट केलं.

आणि पुन्हा आपला पहिला प्रश्न. २०२४-२५ मध्ये कारामार्फत ४,५१५ दत्तकविधानं झाली, तोवरच्या बारा वर्षांतली सर्वाधिक. नोंदणी करून थांबलेली कुटुंबं तीस हजारांहून अधिक. त्यातल्या बहुतेकांना हवं असतं दोन वर्षांखालचं निरोगी बाळ. त्याच पोर्टलवर सहा-सात वर्षांची, भावंडांच्या जोडीने असलेली, ऐकू न येणारी, हृदयाला छिद्र असलेली मुलं घराची वाट पाहत असतात. त्यांच्यासाठी रांग नाही. त्यांतली पुष्कळ अखेर परदेशी कुटुंबांत जातात.

८. आडवाट

रांगेला कंटाळलेल्या माणसाला कुणीतरी हळूच सांगतं: अमुक नर्सिंग होममध्ये सोय होते, जन्मदाखल्यावर थेट तुमचंच नाव लागतं. पैसे देऊन मूल घेणं ही खरेदी आहे, आणि मुलांच्या खरेदीविक्रीला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. रुग्णालयातला माणूस त्यात असेल तर शिक्षा तीन ते सात वर्षं. हिंदू दत्तक कायदा, १९५६ प्रमाणे नात्यात रीतसर दत्तक घेता येतं, पण तिथेही पैशांची देवघेव निषिद्ध आहे. शिक्षेची गोष्ट बाजूला ठेवली तरी त्या बाळाच्या आईने मूल राजीखुशीने दिलं की तिला ते मेलेलं सांगितलं, हे तुम्हाला कधीच कळणार नाही. आणि अठराव्या वर्षी मूल विचारेल तेव्हा सांगायला तुमच्याकडे कागद नसेल.

मूल विचारतंच. नियमांनी दत्तक व्यक्तीला अठरा वर्षांनंतर स्वतःची मुळं शोधण्याची मुभा दिली आहे. पुण्या-मुंबईच्या जुन्या संस्थांत युरोप-अमेरिकेतून तिशी-चाळिशीची माणसं आपली फाइल बघायला येतात. म्हणून अनुभवी समाजकार्यकर्त्या नव्या पालकांना एकच गोष्ट बजावून सांगतात: मूल तीन-चार वर्षांचं असल्यापासून त्याला सांगत राहा. 'तू आमच्या घरी आलीस तो दिवस' हीच झोपतानाची गोष्ट करा. शेजारणीच्या तोंडून दहाव्या वर्षी कळण्यापेक्षा हे शतपटीने बरं.

९. अठरा पूर्ण झाल्यावर

ज्यांना घर परत मिळालं नाही, प्रतिपालक मिळाले नाहीत, दत्तकही जाता आलं नाही, ती मुलं बालगृहातच मोठी होतात. अठरावा वाढदिवस झाला की बालगृह सोडावं लागतं. कायद्याने एकवीस वर्षांपर्यंत, अपवाद म्हणून तेविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची सोय ठेवली आहे: अनुरक्षणगृहात जागा, शिक्षण किंवा कामधंद्याच्या प्रशिक्षणाला मदत, महिना ठरावीक रक्कम. महाराष्ट्राने २०१८ मध्ये अनाथ मुलांसाठी शिक्षण आणि सरकारी नोकरीत एक टक्का आरक्षण दिलं. त्यासाठी लागणारं अनाथ प्रमाणपत्र महिला व बालविकास विभागाकडून मिळतं. अनुरक्षणगृहांतल्या जागा मात्र बाहेर पडणाऱ्या मुलांच्या मानाने फार अपुऱ्या आहेत. खोली भाड्याने घ्यायची तर घरमालक ओळखीचा माणूस मागतो, आणि अठरा वर्षं एका संस्थेत काढलेल्या मुलाला बाहेर एकही ओळखीचा माणूस नसतो. प्रतिपालक कुटुंबात चार-पाच वर्षं राहिलेल्या मुलाला निदान तेवढी एक सही मिळते.

तुमच्या जिल्ह्यात प्रतिपालक व्हायचं असेल तर चौकशी जिल्हा बाल संरक्षण कक्षात करा. तो जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्याच्या कार्यालयाशी जोडलेला असतो. ओळखपत्रं, उत्पन्नाचा पुरावा, वैद्यकीय दाखला आणि पोलीस पडताळणी लागते. त्यानंतर समाजकार्यकर्ता घरी येतो. तो घरातल्या सगळ्यांशी बोलतो, तुमच्या मुलांशीही. तेव्हा अर्ज भरण्याआधी त्यांना विचारा.